ऑक्सेंडन आडनावाचं मूळ कुठलं? रायगडावर आलेल्या इंग्रज वकिलाच्या घराण्याचा माग

रायरी

शिवराज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्सेंडन आपल्याला शाळेपासून माहीत आहे. मराठी पुस्तकांत हे आडनाव ऑक्झिंडेन, ऑक्सिंडन, ऑक्झेंडन असं नाना तऱ्हांनी छापलेलं असतं. सुरतेचा प्रेसिडेंट आणि कंपनीकडून मुंबईचा पहिला गव्हर्नर झालेला सर जॉर्ज हाही याच आडनावाचा. आज मात्र इंग्लंडमध्ये हे आडनाव क्वचितच भेटतं.

जाणकारांना विचारायचं ते असं. हे आडनाव एका गावाचं की अनेक गावांचं? इंग्लंडात ते कुठे कुठे पसरलं, आणि ते कोणत्या कागदांवरून ठरवायचं? हेन्री, जॉर्ज, जेम्स हीच नावं पुन्हा पुन्हा येतात, तर माणसं वेगळी कशी ओळखायची? कृपया कागदांच्या आधारे लिहा. 'बैलवाल्यांचं आडनाव' एवढ्या एका ओळीवर भागवणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत.

दप्तरदार

मूळ केंट परगण्याच्या पूर्व भागात आहे. कँटरबरीच्या आग्नेयेला नॉनिंग्टन नावाचा पॅरिश आहे (चर्चच्या हद्दीतलं गाव म्हणा) आणि त्यात ऑक्सेंडन नावाची एक वस्ती होती. घराण्याच्या जुन्या वंशावळी सुरू होतात त्या तिसऱ्या एडवर्डच्या काळातल्या, म्हणजे १४ व्या शतकातल्या, सॉलोमन ऑक्सेंडनपासून. पुढे हे लोक शेजारच्या विंगहॅममध्ये स्थिरावले. तिथली डीन ही जागा थोरल्या पातीची झाली. दुसरी पाती बारहमला गेली. नॉनिंग्टन, विंगहॅम आणि बारहम ही तिन्ही गावं एका दिवसात पायी फिरून होतील इतकी जवळ आहेत.

म्हणजे आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखाच हा प्रकार. फरक असा की आपलं गाव बहुधा मोठं असतं आणि तिथून अनेक घराणी तेच आडनाव घेऊन बाहेर पडतात. ऑक्सेंडन ही दोन-चार घरांची वाडी. अशा ठिकाणाहून आडनाव निघालं तर मूळ पुरुष एकच असण्याची शक्यता खूप वाढते. आडनाव दुर्मीळ असण्याचं पहिलं कारण हेच.

शब्दाचा पहिला भाग सरळ आहे: जुन्या इंग्रजीत 'ऑक्सेना' म्हणजे बैलांचा, बैलांची. दुसऱ्या भागाबद्दल दोन मतं आहेत. केंटच्या नैऋत्येकडच्या वील्ड या जंगलपट्टीत टेंटरडेन, बिडेंडेन, बेनेंडेन, स्मार्डेन अशी गावं रांगेनं आहेत. तिथलं 'डेन' म्हणजे डुकरं चारायचं रान. पण नॉनिंग्टन त्या पट्टीत येत नाही, ते खडूच्या टेकड्यांच्या मुलखात आहे. तिथे 'डेनु' म्हणजे दरी हा अर्थ जमिनीशी जास्त जुळतो. माझा कल दरीकडे आहे. उच्चार एक झाल्यावर दोन्ही शब्द लिहिताना एकच होतात, म्हणून नुसत्या शेपटावरून निकाल देऊ नये. आधी जमीन बघावी.

घराण्याच्या ढालीवरही तीन काळे बैल आहेत, चंदेरी पार्श्वभूमीवर तांबडी उलटी व्ही आणि तिच्याभोवती ते तिघे. हा आडनावाच्या उगमाचा पुरावा नव्हे. १५ व्या शतकात ढाल मिळाली तेव्हा आडनावावरून चित्र निवडलं गेलं, इतकंच त्यातून कळतं.

नकाशेवाला

दप्तरदारांनी केंट सांगितलं. पण दुसरी दोन गावं बाजूला काढल्याशिवाय 'एकच मूळ' म्हणता येणार नाही. नॉर्थॅम्प्टनशायरमध्ये मार्केट हारबरोजवळ ग्रेट ऑक्सेंडन आहे, शेजारचं लिटल ऑक्सेंडन मध्ययुगातच ओस पडलं. ग्लॉस्टरशायरमध्ये ऑक्सेंटन आहे. या दोन्हींच्या नावात शेवटी 'डून' म्हणजे टेकडी आहे. आज लिहिताना नॉर्थॅम्प्टनशायरच्या गावात शेवटचा स्वर 'ओ' असतो आणि केंटच्या घराण्यात 'ई'. पण १७ व्या शतकातला कारकून हा फरक पाळत नसे. लंडनमध्ये हेमार्केटजवळचा रस्ता याच केंटच्या घराण्याच्या नावाचा, तरी पाटीवर 'ओ' आहे.

म्हणून स्वरावरून मूळ ठरवू नका. मिडलंड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात, एखादा ऑक्सेंडन सापडला तर आधी तो नॉर्थॅम्प्टनशायरच्या गावाचा धरा आणि केंटशी नातं दाखवणारा कागद मिळेपर्यंत त्याला वेगळं ठेवा. अशा दुर्मीळ आडनावांच्या वंशावळी बिघडतात त्या बहुतेक इथेच. केंटचं सरदार घराणं सापडलं की जो तो आपली दोरी त्यालाच नेऊन बांधतो.

डेव्हनचे ऑक्सनहॅम आणि ससेक्सचे ऑक्सनब्रिज यांचाही इथे संबंध नाही. 'ऑक्स'नं सुरू होणाऱ्या नावांची गल्लत टाळा.

रायरी

कँटरबरीच्या मठाचा प्रमुख रिचर्ड ऑक्सेंडन (१३३१ ते १३३८) काही वंशावळींत सॉलोमनच्या आधी दाखवतात. तो याच घराण्यातला का?

दप्तरदार

तसं धरून चालू नका. क्राइस्ट चर्च मठात शिरताना साधू आपल्या गावाचं नाव लावत असत. रिचर्डच्या आधीचा प्रमुख हेन्री ईस्ट्री, तोही ईस्ट्री गावावरूनच. त्यामुळे रिचर्ड त्या वस्तीतून किंवा आसपासून आला एवढंच त्या नावातून निघतं. शिवाय साधूला वंश नाही. वंशावळीत त्याला वर कुठेतरी चिकटवला की पुढची पिढी त्याला पूर्वज समजते.

१४ व्या शतकातलं 'ऑक्सेंडनचा अमका' हे बिरुद आणि वंशपरंपरेनं चालणारं आडनाव यांत फरक करावा लागतो. बाप, मुलगा आणि नातू तिघेही दुसऱ्या गावी राहून तेच नाव लावत असतील, तेव्हा ते आडनाव. विंगहॅमला गेल्यावरही ऑक्सेंडन टिकलं, हीच ती खूण.

पूर्व केंटमध्येच हे आडनाव गोळा होऊन का राहिलं, याचं कारण तिथल्या वारसा रिवाजात सापडतं. बाकी इंग्लंडात जमीन थोरल्याला जायची. केंटमध्ये गॅव्हलकाइंड होता, म्हणजे सगळ्या मुलग्यांना सारखा वाटा. हा रिवाज कायद्यानं संपला तो १९२५ च्या सुधारणांत. धाकट्यांना चार एकर का होईना गावाजवळ मिळायचे, म्हणून पाती शेजारच्या पॅरिशांत रुजायच्या. मोठ्या घराण्यांनी पार्लमेंटकडून खास कायदे करवून आपल्या जमिनी या रिवाजातून सोडवून घेतल्या. तेव्हापासून त्या घराण्यांचे धाकटे मुलगे लंडनला, वकिलीला, चर्चकडे किंवा कंपनीच्या जहाजावर जाऊ लागले. सर जॉर्ज (जन्म १६२०) हा डीनच्या सर जेम्सचा तिसरा मुलगा. भाऊ ख्रिस्तोफरसुद्धा सुरतेलाच होता.

शिलालेख

सुरतेतल्या इंग्रजी दफनभूमीत या दोघा भावांचं दुमजली, घुमटाचं थडगं आजही उभं आहे. ख्रिस्तोफर वारला १६५९ मध्ये, जॉर्ज १४ जुलै १६६९ ला. ख्रिस्तोफरसाठी आधी बांधलेली वास्तू पुढे जॉर्जच्या थडग्याच्या पोटात आली. मजकूर लॅटिनमध्ये आहे, वाचताना आडनावाचं लॅटिन रूप आणि मूळ रूप वेगळं नोंदवा.

तारखांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. इंग्लंडनं १७५२ पर्यंत जुलियन पंचांग चालवलं आणि तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. सुरतेवरचा छापा आपण जानेवारी १६६४ मधला म्हणतो, पण इंग्रजी पत्रात तो जानेवारी १६६३ असा पडलेला असतो, किंवा १६६३/४ असा जोडून. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुलियन आहे. आजच्या पंचांगाप्रमाणे ती १६ जून येते आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीशी जुळते. ६ जून ग्रेगोरियन धरला तर तिथी शुद्ध पक्षाच्या अगदी सुरुवातीला जाते.

केंटच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीतही हेच. १६२० च्या फेब्रुवारीत झालेला बाप्तिस्मा वहीत १६१९ खाली असतो. हे न कळल्यानं लग्नाआधी मूल किंवा मृत्यूनंतर मूल अशा गमती वंशावळीत दिसतात. जानेवारी ते २४ मार्चच्या प्रत्येक नोंदीला दोन्ही वर्षं लावा.

आता हेन्री. एकाच शतकात तीन हेन्री आहेत. पहिला बारहमचा कवी (१६०८ ते १६७०). त्याचा घरगुती पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्यातला बराचसा १९३० च्या दशकात दोन खंडांत छापला गेला. दुसरा डीनचा (१६१४ ते १६८६), जॉर्जचा भाऊ. त्याला १६७८ मध्ये बॅरोनेट हा वंशपरंपरेनं चालणारा किताब मिळाला. तिसरा १६७४ चा वकील. पहिला तोवर वारला होता आणि दुसरा साठीचा, इंग्लंडात. तरी वकिलाच्या नावापुढे 'सर' लावलेला मजकूर फिरत असतो. तो दुसऱ्या हेन्रीचा किताब आहे.

रायरी

हे फार कामाचं. आता १८ व्या-१९ व्या शतकात आडनाव कुठे होतं ते शोधायची रीत कोणी पायरीनं सांगेल का? नुसतं नाव टाकून शोधलं तर एक तर काहीच येत नाही, नाहीतर सगळा बॅरोनेट परिवार येतो.

नकाशेवाला

बॅरोनेट परिवार आधी बाजूला काढून ठेवा. त्यांचं सगळं छापलेलं आहे, शोधायचे आहेत ते बाकीचे.

सुरुवात १८८१ च्या जनगणनेपासून करा. स्वयंसेवकांनी ती पूर्ण उतरवून काढली आहे, म्हणून वितरणाचे बहुतेक नकाशे तिच्यावरच बेतलेले असतात. तिथून मागे १८५१ पर्यंत या. १८५१ पासून जन्माचा पॅरिश लिहिलेला असतो. १८४१ मध्ये फक्त 'याच परगण्यात जन्म, होय की नाही' एवढंच आहे आणि १५ वर्षांवरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणलेली आहेत, म्हणजे ३९ चा माणूस ३५ दिसतो. पुढच्या बाजूला १९२१ पर्यंत जाता येतं. १९३१ ची जनगणना आगीत जळाली आणि १९४१ ची झालीच नाही, म्हणून मधे १९३९ ची युद्धकाळातली नोंदवही वापरतात.

जन्म, लग्न आणि मृत्यूची सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ पासून. अनुक्रमणिका तिमाही आहे आणि जन्म नोंदवायला ४२ दिवस असत. फेब्रुवारीचा जन्म मार्च तिमाहीत मिळाला नाही तर जून तिमाही बघा. १८७५ पर्यंत नोंद न करणाऱ्याला दंड बसत नव्हता, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत नोंदी गळलेल्या आहेत, चर्चची वही ताडून पाहावीच. केंटचा खंड क्रमांक १८५१ अखेर ५, नंतर २ए. आडनाव ऑक्सेंडन आणि खंड २ए नसेल तर तो माणूस केंटबाहेर नोंदला गेला, हे कागद न मागवताच कळतं. लंडनला लागून असलेला केंट मात्र १डी मध्ये येतो. नोंदणी कार्यालयाच्या नव्या ऑनलाइन अनुक्रमणिकेत आईचं माहेरचं आडनाव १८३७ पासून दिलं आहे, जुन्या छापील यादीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे. दुर्मीळ आडनावात हे सोनं आहे: बापाचं नाव तेच आणि आईचं माहेर तेच असलेली मुलं एकत्र केली की कुटुंबं आपोआप सुटी होतात.

आता शोध. आडनावांना उच्चारावरून संकेत देणाऱ्या 'साउंडेक्स' पद्धतीत ऑक्सेंडनचा संकेत ओ २५३ येतो. स्वर बदलला तरी तोच राहतो, शेवटी 'डाइन' झालं तरी तोच. पण पहिलं अक्षर चुकलं की पद्धत कोसळते. 'ओ'चा 'ए' वाचला तर संकेत ए २५३ होतो आणि नोंद हाती येत नाही. जुन्या हस्ताक्षरात मोठा 'ओ' आणि 'सी' सारखे दिसतात, म्हणून 'कॉक्सेंडन'ही तपासा. 'आय', 'एन', 'एम', 'यू' ही अक्षरं एकसारख्या उभ्या रेघांची असतात, त्यामुळे मधल्या 'इन'चा 'एम' वाचला जातो. माझा सल्ला असा की आडनाव पूर्ण लिहूच नका. पहिलं अक्षर मोकळं, मग 'एक्स', मग तारांकित चिन्ह, आणि पॅरिशचं नाव पक्कं. काही संकेतस्थळं सुरुवातीला चिन्ह घेत नाहीत, तिथे आडनाव रिकामं ठेवून नाव, वय आणि जन्मगावानं शोधा.

घराणं जोडआडनाव लावू लागलं तेव्हाची अडचण वेगळी. बारहमजवळचा ब्रूम पार्क वाडा बांधला सर बॅसिल डिक्सवेलनं, १६३० च्या दशकात. १७५० मध्ये डिक्सवेल वंश संपला आणि वारसा ऑक्सेंडनांकडे आला, त्याबरोबर नावही. म्हणून काही माणसं यादीत 'डी' अक्षराखाली सापडतात. वाडा १९११ मध्ये किचनरनं घेतला, बॅरोनेट किताब १९२४ मध्ये वारसाअभावी संपला.

नकाशा काढताना माणसं मोजू नका, घरं मोजा. सातजणांचं एक कुटुंब दुसऱ्या परगण्यात गेलं तर तो परगणा आडनावाचं माहेर असल्यासारखा रंगतो. मग प्रमाण काढा. समजा एखाद्या आडनावाचे देशात ८० लोक आहेत आणि त्यातले २० केंटमध्ये, म्हणजे २५ टक्के. १८८१ मध्ये इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या सुमारे २ कोटी ६० लाख, केंटची सुमारे ९ लाख ७८ हजार, म्हणजे ३.८ टक्के. २५ भागिले ३.८ बरोबर साडेसहाच्या वर. एकाच्या आसपास आलं तर आडनाव तिथे विशेष नाही, पाचाच्या वर गेलं तर मूळ जवळ आहे असं समजून कागद काढावेत. केंटमध्ये चॅटम, शीअरनेसच्या गोद्या आणि छावण्या आहेत, तिथले खलाशी आणि शिपाई जन्मगावाप्रमाणे मोजा, राहत्या जागेप्रमाणे नको.

रस्त्यांच्या नावांवरून वितरण काढू नका. हर्न बेमध्ये ऑक्सेंडन स्ट्रीट आहे, ते जमीनमालकीमुळे. तिथे ऑक्सेंडन राहत होते असं त्यातून होत नाही.

गुणसूत्र

आडनाव मुळात कमी का राहिलं, यालाही गणित आहे. फ्रान्सिस गाल्टननं १८७३ मध्ये आडनावं नाहीशी कशी होतात हा प्रश्न मांडला, वॉटसननं त्याचं उत्तर काढलं. एका पुरुषापासून सुरुवात करा. प्रत्येकाला सरासरी एक मुलगा, पण कोणाला शून्य, कोणाला तीन अशी विभागणी. पहिल्याच पिढीत नाव बुडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, दुसऱ्या पिढीअखेर ५३, तिसऱ्या अखेर जवळजवळ ६३. एका वाडीतून निघालेलं आडनाव सहाशे वर्षं टिकलं, तेच विशेष.

मूळ पुरुष एक का अनेक, हे बापाकडून मुलाला मिळणाऱ्या वाय गुणसूत्रावरून तपासता येतं. लेस्टर विद्यापीठात किंग आणि जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांचे नमुने अभ्यासले. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकं त्यातल्या पुरुषांचं गुणसूत्र एकमेकांशी जास्त जुळतं असं दिसलं. स्मिथसारख्या आडनावात जुळणी सर्वसाधारण लोकांइतकीच.

चाचणी करायची तर नमुने वेगवेगळ्या पात्यांतून घ्या. चुलत भावंडांचे घेऊन काही सिद्ध होत नाही. दोन पुरुष जुळले तर मधला समान पूर्वज कागदावरही दाखवता आला पाहिजे. न जुळले तर दत्तक, आईचं आडनाव लावणं, वारशासाठी नाव बदलणं (वर डिक्सवेलचं उदाहरण आलंच) या सगळ्या शक्यता तपासायच्या. आडनाव बनावट ठरत नाही.

कॅरोलायना

अमेरिकेकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही. तिथे हे आडनाव 'ऑक्सेंडाइन' या रूपात आहे आणि त्याची माणसं इंग्लंडमधल्या ऑक्सेंडनांपेक्षा कितीतरी जास्त आहेत. केंद्र एकच: नॉर्थ कॅरोलायनाचा रॉबसन परगणा, पेंब्रोक आणि लंबरटनचा परिसर. लंबी या मूलनिवासी समाजात लॉकलिअर, लाउरी, चेव्हिस यांच्याबरोबर ऑक्सेंडाइन हे ओळखीचं आडनाव. यादवी युद्धानंतरच्या लाउरी टोळीतला हेंडरसन ऑक्सेंडाइन १८७१ मध्ये लंबरटनला फाशी गेला, ते नाव तिथल्या इतिहासात मोठं आहे.

'ऑक्सेंडाइन' हे ऑक्सेंडनचंच रूप मानतात. पण म्हणून ही मंडळी केंटच्या घराण्याच्या रक्ताची असं कुणी लिहू नये. वसाहतीच्या काळात मालकाचं, आईचं, शेजाऱ्याचं आडनाव लागण्याच्या वाटा अनेक होत्या. अमेरिकन कागदांत वंशाचा (म्हणजे वर्णाचा) रकाना दर जनगणनेत बदलतो. १७९० मध्ये ही कुटुंबं 'इतर मुक्त व्यक्ती' खाली आहेत, नंतरच्या नोंदींत वेगळ्याच शब्दाखाली. तोच माणूस दोन जनगणनांत दोन वंशांचा दिसला म्हणून दोन माणसं धरू नका. आधी जमीन आणि शेजारी जुळवा. तिथल्या वहीत शेजाऱ्यांचा क्रम बहुधा कायम असतो.

कॅनडात दिसणारं नाव वेगळ्या वाटेनं गेलं. मॉन्ट्रियलचा बिशप ॲश्टन ऑक्सेंडन (१८०८ ते १८९२) बारहमचाच, आणि तिथे तो १८६९ ते १८७८ एवढाच होता.

रायरी

सर्वांचे आभार. शेवटचा प्रश्न: १६७४ च्या वकिलाचा केंटशी नेमका सांधा शोधायचा तर कोणते कागद, आणि कुठे?

दप्तरदार

मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मे, लग्नं, दफनांच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत, पण त्या सुरू होतात १७०९ पासून. १७ व्या शतकासाठी तिथे वेळ घालवू नका. सुरतेच्या वखारीचे कागद जी/३६ मध्ये आणि मूळ पत्रं ई/३ मध्ये पाहा. नेमणुका, पगार, मयतांच्या मालाचे लिलाव त्यात सापडतात. लिलावाच्या यादीत वारसाचं नाव आणि इंग्लंडमधला पत्ता असेल, तर सांधा तिथेच मिळतो.

मग मृत्युपत्रं. परदेशात वारलेल्या आणि इंग्लंडात मालमत्ता असलेल्या माणसाचं मृत्युपत्र कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात, म्हणजे मृत्युपत्रं मंजूर करणाऱ्या चर्चच्या वरिष्ठ कोर्टात, जायचं. त्याच्या नोंदवह्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रॉब ११ मध्ये आहेत आणि प्रतिमा ऑनलाइन मिळतात. स्थानिक कोर्टांची मृत्युपत्रं मेडस्टनला, केंट परगण्याच्या दप्तरखान्यात, पीआरसी १७ आणि पीआरसी ३२ मध्ये. पूर्व केंटच्या पॅरिशांच्या वह्या मात्र मेडस्टनला नसून कँटरबरी कॅथीड्रलच्या दप्तरात आहेत, मागणी लिहिण्यापूर्वी हे पाहून घ्या. मृत्युपत्रात 'कझिन' शब्द आला तर चुलतभाऊ धरू नका. त्या काळी पुतण्या, भाचा, लांबचा नातलग सगळ्यांना तोच शब्द वापरत.

काढलेली प्रत्येक नोंद मूळ स्पेलिंगनं, मूळ तारखेनं आणि पान क्रमांकासह लिहा. देवनागरी रूप वेगळ्या रकान्यात. मराठीत चार तऱ्हा झाल्या त्या याच ठिकाणी: पहिल्यानं कानानं लिहिलं, दुसऱ्यानं छापील इंग्रजीवरून, आणि मूळ अक्षरं कोणीच शेजारी ठेवली नाहीत.